साणंदचा ऑथेल्लो

मी अकाउंट्सवाली. भोसरीतल्या एका कारखान्यात गेली अकरा वर्षं व्हाउचर तपासते आणि संध्याकाळी सात ते दहा नाटक करते. पहिल्यातून पगार येतो, दुसऱ्यात तो जातो.

शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' करायचं डोक्यात आलं ते एका शिवीमुळे. नवऱ्याचा संशय आणि एक रुमाल, एवढंच मला त्या नाटकातलं आठवत होतं. कॅन्टीनमध्ये डबा खाता खाता पुन्हा वाचायला घेतलं, तर पहिल्याच प्रवेशात इयागो तणतणत होता. आपल्याला डावलून सेनापती ऑथेल्लोनं वरचा हुद्दा कॅसिओला दिला. कोण हा कॅसिओ? रणांगणावर कधी एक तुकडी हलवली नाही, पुस्तकं वाचून लढाई शिकलेला. आणि मग त्याला इयागो काय म्हणतो? 'डेबिटर अँड क्रेडिटर.' जमाखर्चवाला! मी घास हातात धरून बसले. पुढं म्हणतो, इथं बढती मिळते ती चिठ्ठीचपाटीवर आणि मर्जीवर, कोण किती वर्षं राबलं ते बघतंय कोण. अप्रेझलची पत्रं त्याच आठवड्यात वाटली गेली होती आणि पलीकडच्या टेबलावर प्रॉडक्शनचे दोघं अगदी ह्याच सुरात बोलत होते. 1 नोव्हेंबर 1604 ला लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात राजासमोर ज्याचा प्रयोग झाल्याची नोंद आहे, ते नाटक बढतीच्या गाऱ्हाण्यानं सुरू होतं, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

आमची संस्था हौशी. सात नट, एक प्रकाशयोजनावाला, आणि काका. काका सत्तरी ओलांडलेले, पूर्वी राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी उतरायचे, आता तालमीला येऊन खुर्चीवर बसतात आणि मोजकं बोलतात. त्यांना कल्पना सांगितली तर म्हणाले, "नवीन काय त्यात? देवलांनी 1890 सालीच 'झुंझारराव' केलाय. त्याच्याआधी महादेवशास्त्री कोल्हटकरांनी भाषांतर केलं, 1867 साली. तुम्ही शर्टाला आयकार्ड लावणार, एवढंच." त्या वेळी राग आला. पण नुसतं आयकार्ड लावून भागणार नाही, ही धास्ती तेव्हापासून मनात राहिली ती त्यांच्यामुळेच.

सुरुवातीला सगळं फटाफट बसत गेलं. व्हेनिस म्हणजे पुण्याजवळची, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी घरगुती मालकीची कंपनी. ऑथेल्लो, मुळात व्हेनिसच्या चाकरीतला कृष्णवर्णीय सेनापती, आमच्यात प्लांट हेड, मराठवाड्यातून आलेला, आयटीआय करून शॉप फ्लोअरवर लागलेला आणि तिथून वर चढलेला. ब्रबॅन्शिओ कंपनीतला एक डायरेक्टर, डेस्डेमोना त्याची मुलगी आणि ऑथेल्लोची बायको. कॅसिओ मॅनेजमेंटची पदवी घेऊन आलेला. इयागो सोळा वर्षं प्रॉडक्शन सांभाळणारा. एमिलिया इयागोची बायको, एचआरमध्ये. रॉडरिगो डिस्पॅचला.

अडलं ते सायप्रसपाशी. दुसऱ्या अंकात तुर्कांचं आरमार वादळात बुडतं. लढायला म्हणून बेटावर आलेल्या माणसांना शत्रूच उरत नाही. हाताला काम नाही, घर लांब, आणि सगळ्यांच्या अंगात लढाईची रग. नाटकातलं पुढचं सगळं ह्या रिकामपणातून उगवतं, असं मला वाटतं. कंपनीत असं बेट कुठं असतं? उत्तर आमच्या रॉडरिगोनं दिलं. तो खऱ्या आयुष्यातही डिस्पॅचलाच आहे आणि त्याच्या गाड्या सतत गुजरातेत जातात. म्हणाला, "साणंद. गेस्ट हाऊस." झालं. मोठी ऑर्डर खेचायला टीम साणंदला जाते, स्पर्धक कंपनी ऐनवेळी टेंडरमधून अंग काढून घेते, ऑर्डर आयती पदरात पडते. पण टीमला परत बोलावत नाहीत. 'पुढील सूचनेपर्यंत तिथेच थांबावे' असा मेल येतो. कॅरम, टीव्ही, आणि रोज तीच शेवभाजी.

ह्यात एक लॉटरीच लागली. मूळ नाटकात कॅसिओ एकदा पिऊन भांडतो आणि ऑथेल्लो त्याला तिथल्या तिथं हुद्द्यावरून काढतो. आजच्या माणसाला वाटतं, एका पार्टीवरून एवढं? पण साणंद गुजरातेत, आणि गुजरातेत दारूबंदी. कंपनीच्या गेस्ट हाऊसवर बाटली सापडणं म्हणजे पोलीस, पेपरात नाव, ऑर्डर धोक्यात. कॅसिओला त्याच रात्री सस्पेंड करण्याशिवाय ऑथेल्लोला दुसरा मार्गच नाही. "बाटली दमणवरून आली असणार," रॉडरिगो म्हणाला, आणि हे त्याला कसं ठाऊक ते आम्ही विचारलं नाही.

खरी मारामारी एका शब्दाशी झाली. इयागोला नाटकभर सगळे 'ऑनेस्ट' म्हणतात. 'ऑनेस्ट इयागो, ऑनेस्ट इयागो.' हा शब्द आणि त्याची भावंडं मिळून नाटकात पन्नासच्या आसपास वेळा येतात. मी आधी 'प्रामाणिक' लिहिलं. तोंडात बसेना. 'प्रामाणिक इयागो' म्हटलं की सत्कार समारंभातली शाल-श्रीफळवाली माणसं डोळ्यांसमोर येतात. 'सच्चा' केलं, तर हिंदी सिनेमा. 'सरळ' केलं, 'साधा' केलं. आपल्याकडं ऑफिसात विश्वासाच्या माणसाला आपण खरंच काय म्हणतो, हे आठ दिवस कान देऊन ऐकलं. कुणी कुणाला प्रामाणिक म्हणत नाही. म्हणतात, "त्याला सांग बिनधास्त, आपला माणूस आहे."

आपला माणूस. लिहून काढलं आणि सगळी संहिता हललीच. इंग्रजीत 'वी' एकच. आपल्याकडं दोन: आपण आणि आम्ही. ऐकणाऱ्याला आत घेणारं एक, बाहेर ठेवणारं दुसरं. मग मी पहिल्या अंकात ब्रबॅन्शिओच्या तोंडी जातीचं नाव घातलंच नाही. ह्याच डायरेक्टरनं ऑथेल्लोला घरी जेवायला बोलावलेलं असतं, त्याच्या कष्टाच्या गोष्टी कौतुकानं ऐकलेल्या असतात. मुलीनं त्याच्याशी लग्न केल्याचं कळल्यावर तो एवढंच म्हणतो, "तुमच्यात चालत असेल. आमच्यात नाही." आयकार्डांवरही आम्ही नुसती पहिली नावं छापली. आडनाव कळलं की आपला प्रेक्षक अर्धं नाटक मनातल्या मनात स्वतःच लिहून टाकतो. आणि ह्या 'तुमच्यात-आमच्यात'च्या मधोमध एकटा इयागो उभा, ज्याला वरचेही आपला म्हणतात आणि खालचेही. तो ऑथेल्लोला चारचौघांत 'सर' म्हणतो आणि एकटे असले की 'दादा'.

तिसऱ्या अंकातला तो लांबलचक प्रवेश, ज्यात इयागो ऑथेल्लोच्या मनात बायको आणि कॅसिओबद्दल संशय घालतो, त्याच्या आम्ही सतरा तालमी केल्या. पहिल्या पाच-सहा वाया गेल्या. आमचा इयागो चांगला नट, पण खलनायक म्हटला की त्याचा आवाज खाली उतरायचा, डोळे बारीक व्हायचे आणि हात एकमेकांवर चोळले जायचे. काका म्हणाले, "ह्याला बघून तर शिपाईसुद्धा सावध होईल. प्लांट हेड फसतो कसा?"

एका शनिवारी मी संहिता मिटून ठेवली आणि सगळ्यांना गोल बसवलं. तुमच्या ऑफिसात तुमच्या कानात कुणी कुणाबद्दल वाईट घातलं असेल, तर ते नेमक्या कुठल्या वाक्यानं सुरू झालं होतं? नावं नकोत, फक्त पहिलं वाक्य. वही अजून माझ्याकडं आहे. 'मला काय करायचंय, पण.' 'तुझ्या कानावर आलंच असेल म्हणा.' 'माझं नाव मध्ये येऊ देऊ नकोस.' 'तसा माणूस चांगला आहे तो.' आमची डेस्डेमोना म्हणाली, तिच्या टीम लीडनं काहीच म्हटलं नव्हतं, नुसता सुस्कारा टाकला होता आणि "जाऊ दे" म्हणाला होता. त्या 'जाऊ दे'वर तिनं तीन रात्री काढल्या.

आता इयागोची सुरुवात बघा. कॅसिओ डेस्डेमोनाशी बोलून लगबगीनं निघून जातो, ते ऑथेल्लो आणि इयागो लांबून बघतात. इयागो पुटपुटतो, हे काही बरं नाही. ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? आणि इयागो म्हणतो, काही नाही. एवढंच. तो सांगत काही नाही, सगळं विचारून घ्यायला लावतो. आमच्यात ते असं झालं:

"हे काही बरं नाही."
"काय म्हणालास?"
"कुठं काय? काही नाही, दादा. जाऊ दे."

आणि इयागोच्या हाताला काम दिलं. डिस्पॅचच्या चलनांचा गठ्ठा आणि स्टेपलची पिन उपटायचं ते चिमट्यासारखं हत्यार. त्यानं अख्खा प्रवेशभर पिना काढायच्या, कागद सरळ करायचे, पुन्हा लावायचे. ऑथेल्लोकडं बघायचं नाही. पहिल्यांदा असं केलं तेव्हा चिमट्याची ती कट्-कट् दोन वाक्यांच्या मध्ये यायला लागली, आणि एका ठिकाणी, ऑथेल्लो "तुला काय वाटतं?" विचारतो आणि हा "वाटतं?" एवढंच परत म्हणतो, तिथं पिन निघेना. तो ती काढत राहिला. ऑथेल्लो वाट बघत राहिला. मी घड्याळ बघितलं नाही, पण खुर्चीतून काका पुढं झुकले होते.

रुमालाचा घोळ महिनाभर चालला. मूळ रुमाल ऑथेल्लोच्या आईचा, त्यावर स्ट्रॉबेरीची नक्षी. तो डेस्डेमोनाकडून पडतो, एमिलिया उचलते, इयागो तो कॅसिओच्या खोलीत टाकतो, आणि एवढ्याशा पुराव्यावर एक बाई मरते. टॉमस रायमर नावाच्या समीक्षकानं 1693 सालीच टर उडवली होती, की ह्याला रुमालाची शोकांतिकाच का म्हणू नये. फ्रान्समध्ये तर दुसी नावाच्या नाटककारानं 1792 साली रूपांतर केलं तेव्हा रुमाल रंगमंचावर आणायला हलका वाटला, म्हणून त्यानं हिऱ्यांची शिरपट्टी घातली. फ्रेंच रंगभूमीवर रुमालाला रुमाल म्हणायला 1829 साल उजाडलं. तेव्हा ह्या चिंध्यांच्या भानगडीत फसलेले आम्ही काही पहिले नव्हतो.

मी आधी मोबाइलचा स्क्रीनशॉट केला. आधुनिक ना! वाचनातच कोसळलं. स्क्रीनशॉट आला की कॉल रेकॉर्ड काढा, मेल बघा, आयटीवाल्याला बोलवा, प्रेक्षक स्वतःच चौकशी अधिकारी होतो. पुरावा जितका पक्का तितका संशय लंगडा. इथं वस्तू अशी हवी की जिच्यानं काहीच सिद्ध होत नाही, पण ती दुसऱ्याच्या टेबलावर दिसली की पोटात गोळा येतो.

आमचा ऑथेल्लो हिंगोलीकडचा. एका तालमीला तो येताना चंची घेऊन आला. आजीची. कापडाचे तुकडे जोडून शिवलेली, घडीची, चार कप्प्यांची, कडेला दोरी, जिनं गुंडाळून बांधायची. एका कप्प्यात सुपारी, एकात तंबाखू, एकात चुन्याची डबी, आणि सगळ्यात आतल्या कप्प्यात मजुरीचे पैसे. बऱ्याच ठिकाणी कापड विरून उलट्या टाक्यांनी पुन्हा सांधलेलं. तंबाखूचा वास गेलेला नव्हता. डेस्डेमोनानं ती हातात घेतली आणि दुसऱ्याच क्षणी आपले इअरफोन तिच्यात गुंडाळून ठेवले. आम्ही सगळे बघत राहिलो. ते तसंच ठेवलं नाटकात. तिसऱ्या अंकात चंची कॅसिओच्या टेबलावर येते, तेव्हा तिच्यात त्यानं पेन ड्राइव्ह ठेवलेले असतात. ऑथेल्लोची एकच अट होती: चंची प्रॉपर्टीच्या पेटीत जाणार नाही, रोज त्याच्याबरोबर घरी जाणार.

ही अट तशी सोपी होती. दुसरी नव्हती. शेवटच्या अंकाच्या तालमी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तो मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही मला आमच्यातला केलात, चांगलं केलंत. पण मग शेवटी बायकोचा गळा आवळणारा पण आमच्यातलाच. लोक काय घेऊन घरी जाणार? बघा, किती केलं तरी हे असेच?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. इंग्लंडमध्ये ह्यू क्वार्शी ह्या कृष्णवर्णीय नटानं हाच प्रश्न 1998 मध्ये एका व्याख्यानात विचारला होता, की कृष्णवर्णीय नटानं ही भूमिका करावी का, केली तर तो जुनाच समज पक्का होत नाही का? आणि पुढं 2015 मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीत त्यानंच ऑथेल्लो केला. तिथं इयागोही कृष्णवर्णीय होता, लुशियन म्सामाटी. मी हे सांगितलं तर आमचा नट म्हणाला, "सतरा वर्षं विचार केला त्यांनी. आपला प्रयोग सहा आठवड्यांवर आलाय."

शेवट बदलायचा? करून बघितला. खून नाही, घटस्फोट. डेस्डेमोना बॅग भरून निघून जाते, ऑथेल्लो राजीनामा देतो. वाचन संपल्यावर कुणीच काही बोललं नाही. मग काका म्हणाले, "शोकांतिकेत नोटीस पीरियड नसतो गं." दुसरी एक वाट मूळ कथेतच होती. शेक्सपिअरनं ज्या चिंथिओच्या 1565 च्या इटालियन गोष्टीवरून नाटक घेतलं, तिच्यात बाईला वाळू भरलेल्या मोज्यानं मारतात आणि वरून छत पाडून अपघात दाखवतात. हे ऐकून आमचा लोडोविको (नाटकात व्हेनिसहून आलेला दूत), जो नोकरीनं सेफ्टी ऑफिसर आहे, हळूच म्हणाला, "म्हणजे फॉर्म भरला की संपलं." ते भयंकर होतं, पण त्यात इयागोबरोबर सगळी कंपनी गुन्ह्यात यायची आणि ऑथेल्लोची स्वतःची चूक धूसर व्हायची. ते मला नको होतं. त्यालाही नको होतं, हे महत्त्वाचं. म्हणाला, "माझं पात्र मूर्ख ठरवू नका आणि निर्दोष पण ठरवू नका. मी मारीन. पण मी मरणार नाही. मी मेलो की तुम्ही सगळे सुटता."

म्हणून आम्ही ऑथेल्लोची आत्महत्या काढून टाकली. काकांना आजही पटलेलं नाही, आणि काही रात्री मलाही पटत नाही. पण त्यामुळे त्याचं शेवटचं भाषण निराळंच झालं. मुळात तो म्हणतो, मी राज्याची थोडी सेवा केली आहे, ते राहू द्या, माझ्याबद्दल लिहाल तेव्हा जसा आहे तसा लिहा, काही झाकू नका, आकसानं काही वाढवू नका. आमच्यात लोडोविको घटनेचा अहवाल लिहायला लॅपटॉप उघडतो आणि ऑथेल्लो त्याला मजकूर सांगतो. "लिहा. कंपनीसाठी ह्यानं थोडंफार केलं होतं. नको, ते राहू द्या. लिहा, ह्यानं तिला मारलं. संशय आला असं लिहू नका, संशय घेतला असं लिहा." शेवटी तो विचारतो, "कारण काय लिहिणार? 'त्यांच्यात असंच असतं', असं?" कीबोर्डचा आवाज थांबतो. लोडोविको उत्तर देत नाही. काळोख.

खुनाचा प्रवेश मात्र मी भावनेनं बसवला नाही, सरावानं बसवला. उशी डेस्डेमोनाच्या तोंडावर नाही, प्रेक्षकांच्या विरुद्ध बाजूच्या खांद्यावर दाबायची. तिचा चेहरा आत वळलेला, श्वासाला जागा मोकळी. तिनं गादीवर दोनदा बोट आपटलं की हात तत्काळ सैल, मग वाक्य अर्ध्यात असलं तरी चालेल. रोज तालमीआधी हे कोरडं, आवाजाशिवाय, मोजून करायचं. त्याआधी ऑथेल्लोचं ते प्रसिद्ध वाक्य येतं, दिवा मालवायचा आणि मग तो दुसरा दिवा, म्हणजे तिचा जीव, मालवायचा. गेस्ट हाऊसमध्ये फुंकायला दिवा नाही. पण दाराशी की-कार्डाचा खाचा असतो. कार्ड काढलं की दिवे लगेच जात नाहीत, दहा-पंधरा सेकंदांनी जातात. तो कार्ड काढतो, हातात धरून पलंगाशी येतो, आणि आपल्याला माहीत असतं की आता कुठल्याही क्षणी. ही कल्पना प्रकाशयोजनावाल्याची, त्याचं श्रेय त्याला. त्यानंच सेटवरचं भिंतीवरचं घड्याळही काढायला लावलं. ह्या नाटकात काळाचा हिशोबच लागत नाही: घटना बघितल्या तर सायप्रसमध्ये जेमतेम दोन दिवस जातात, आणि आरोप मात्र डेस्डेमोना आणि कॅसिओ अनेकदा भेटल्याचा. अभ्यासकांनी ह्याचा कीस पाडलाय. घड्याळ दिसलं असतं तर प्रेक्षकांनीही पाडला असता.

परिनिरीक्षण मंडळाकडं संहिता पाठवली, प्रमाणपत्र आलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते एका कंपनीचं. आमच्या एका नटाच्या ओळखीनं तिथल्या एचआरकडून विचारणा आली: ऑफिसवर नाटक आहे ना, आमच्या वार्षिक दिवसाला कराल का? मानधन आमच्या मानानं भरपूर. संहिता पाठवली. आठवड्यानं फोन. "खूपच रिलेटेबल आहे, मॅडम. फक्त शेवट थोडा पॉझिटिव्ह करता येईल का?" मला हसू आलं, कारण दुसीनंही पॅरिसच्या प्रेक्षकांसाठी गोड शेवट वेगळा लिहून छापून ठेवला होता. त्या बाईंना मी हे सांगितलं नाही. नाही म्हटलं. मानधनाचा आकडा मात्र अजून पाठ आहे.

मग आम्ही आमच्याच खर्चानं शंभरेक खुर्च्यांचं छोटं सभागृह घेतलं. शनिवार, संध्याकाळी साडेसात. प्रेक्षक बहुतेक सगळे पिंपरी-चिंचवडचे नोकरदार, कुणी फर्स्ट शिफ्ट करून आलेलं, कुणाच्या पाठीवर लॅपटॉपची बॅग. तिसरी घंटा झाली. पहिल्याच प्रवेशात इयागोनं बढतीचं गाऱ्हाणं सुरू केलं आणि हशा पिकला. साधासुधा नाही, ओळख पटल्याचा. "इथं काम बघत नाहीत" ह्या वाक्यावर मागून कुणीतरी "बरोबर!" म्हणालं. विंगेत उभी मी खूश. तिसऱ्या अंकात पिना काढायचा प्रवेश आला तरी ते हसतच होते. आता माझ्या पोटात ढवळायला लागलं. ते कुणाला हसतायत? तो माणूस त्यांच्या डोळ्यांदेखत एका बाईचा जीव घेण्याची तयारी करत होता, आणि ते त्याच्या बाजूनं होते.

चौथ्या अंकात ऑथेल्लो चारचौघांत डेस्डेमोनाला थप्पड मारतो, ती जागा मी कॉन्फरन्स रूममध्ये ठेवली होती. सगळे टेबलाभोवती. थप्पड बसल्यावर कुणी उठत नाही, कुणी एक शब्द बोलत नाही. फक्त एकजण रिमोट उचलून प्रोजेक्टर बंद करतो. तिथं सभागृहात चिडीचूप झालं, आणि बायकांच्या बाजूनं एक दीर्घ श्वास ऐकू आला. पण हे नंतर. त्याआधी, तिसऱ्या अंकाच्या शेवटी जे झालं ते माझ्या डोक्यातून जात नाही.

तिथं ऑथेल्लो ठरवतो, कॅसिओला संपवायचं आणि बायकोलाही. इयागो गुडघ्यावर बसून साथ देण्याची शपथ घेतो. आणि नेमक्या त्या क्षणी ऑथेल्लो म्हणतो: आता तू माझा लेफ्टनंट. म्हणजे पहिल्या प्रवेशात जी बढती हुकली होती ती इथं मिळते, खुनाच्या कराराबरोबर. संहितेत मी ते असं केलं होतं: ऑथेल्लो कॅसिओचं आयकार्ड टेबलावरून उचलतो, त्याच्यासमोर धरतो.

"उद्यापासून माझा डेप्युटी तू."
"मी कायमचा तुमचाच आहे, दादा."

आणि टाळी पडली. एक नाही, चार-पाच ठिकाणांहून. त्यांना बढतीची बातमी ऐकू आली होती, बाकीचं नंतर ऐकू यायचं होतं. इयागो गुडघ्यावर तसाच राहिला, त्याला काय करावं कळेना. ऑथेल्लोनं मान वर करून थेट प्रेक्षकांकडं पाहिलं. हे बसवलेलं नव्हतं. टाळी मध्येच तुटली, पावसात छपरावरचा एखादा थेंब उशिरा पडावा तसा एकच हात शेवटी वाजला, आणि मग शांतता. त्या शांततेत पिनांचा चिमटा टेबलावरून खाली पडला.

शेवटी की-कार्डाचे पंधरा सेकंद, काळोख, पडदा. टाळ्या झाल्या, त्या जरा उशिरा.

मेकअप उतरवायच्या आधी लोक भेटायला आत येतात, तसे आले. डेस्डेमोनाला भेटले, ऑथेल्लोला भेटले. एक कॉलेजची मुलगी ऑथेल्लोला "ते 'त्यांच्यात' वालं" एवढंच म्हणून रडायला लागली आणि तो तिलाच पाणी द्यायला धावला. काका कोपऱ्यात चंची उलटीपालटी करून टाके बघत होते. गर्दी पातळ झाल्यावर एक गृहस्थ पुढं आले. साठीच्या घरातले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. आमच्यापैकी कुणाकडंच न बघता ते सरळ इयागोकडं गेले आणि त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"किती वर्षं झाली होती तुम्हाला?"

इयागोला क्षणभर समजलंच नाही. मग भूमिकेतलंच सांगून गेला, "सोळा."

"सोळा," ते म्हणाले. "मला बावीस झाली होती."

आणि हात काही सोडेनात.